हरवायची प्रत

झेरॉक्सवाल्या मावशींकडे एक प्रत मागितली की तीन मिळायच्या. रामदासपेठेत एका सरकारी कचेरीसमोर त्यांची टपरी होती. एक मशीन, एक स्टूल आणि उन्हाळ्यात मशीनच्या आधी गरम होणाऱ्या मावशी. तीन कशाला म्हणून कोणी कुरकुर केली की त्या बोटं मोजून दाखवायच्या, "एक तुही, एक सायबाची, एक हरवाची." तिसरीचे पैसे घेत नसत, त्यामुळे गिऱ्हाइकाला भांडायलाही जागा उरायची नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो दादाच्या कंबरेपायी. मला लहानपणापासून चालता येत नाही. घर लकडगंजात आणि नोकरी धरमपेठेतल्या एका शाळेच्या ग्रंथालयात. रोज सकाळी माझा थोरला भाऊ मला उचलून ऑटोत बसवायचा, व्हीलचेअर मागे दोरीनं बांधायचा आणि मग आरामशीनवर कामाला जायचा. इतकी वर्षं लाकडं उचलूनही शाबूत राहिलेली त्याची कंबर शेवटी मी मोडली. तो असं कधी म्हणाला नाही, मीच म्हणतो. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि वजन उचलायला कायमची बंदी केली. आता व्हीलचेअरसकट आत चढता येईल अशी गाडी मिळवायची, नाहीतर नोकरी सोडून घरात बसायचं, एवढंच उरलं होतं. मागून उतार खाली सोडायचा, खुर्चीसकट चढायचं आणि बसल्या जागेवरून चालवायची, अशी बॅटरीवरची तीनचाकी मी पाहूनही आलो होतो. तिची किंमत ऐकून आईनं मात्र घरातले पैसे पुन्हा मोजले.

मावशींचं शिक्षण सातवी. पण लोकांचे कागद छापता छापता त्या वाचत गेल्या आणि कोणती योजना कोणत्या टेबलावर अडते हे त्यांना तोंडपाठ झालं. त्यांनी मला दोन अर्ज करायला लावले, एक सरकारी योजनेचा आणि एक ट्रस्टचा. मी मोठ्या नम्रपणे 'दया करावी' असं लिहिलं होतं. ते त्यांनी माझ्याच पेननं खोडलं. "भीक नाही मांगून राहिला तू. नोकरीवर जातो म्हनून लिही." त्या दिवशी मी टपरीवरून जरा ताठ बसून परत आलो.

आणि मग आम्ही घोळ घातला. अक्षय तृतीया आली. असा मुहूर्त सोडायचा नाही म्हणून आईनं ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे काढले आणि गाडी दारात आणली. मदत मिळाली की ते पैसे परत जागेवर ठेवू, असा साधा विचार. कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मी पेढे आणि गाडीची पावती घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी पेढा हातात धरला आणि पावती वाचली. पेढा तसाच खाली ठेवला. मंजुरी आधी आणि खरेदी नंतर, हा दोन्हीकडचा नियम मी वाचला होता, पण मुहूर्तापुढे विसरलो होतो. घेऊन झालेल्या गाडीला छदाम मिळणार नव्हता.

मावशींनी टपरीला कुलूप लावलं आणि थेट गाडीवाल्याच्या दुकानात आल्या. गाडीला अजून नंबर पडलेला नव्हता, एवढाच आमचा आधार. त्या शेठला म्हणाल्या, "पोरगी माहेरी आली समजा. कागद झाले का पाठवा सासरी." शेठ हसला आणि हसला म्हणून फसला. पैसे परत मिळाले, दादाचं ऑपरेशन झालं. गाडी कपाळावरच्या कुंकवासकट दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहिली. तोवर मावशींच्या ओळखीचे दोन ऑटोवाले मला आळीपाळीनं उचलून नेत. शाळेनं मात्र दिवाळीपर्यंतच सांभाळून घेऊ असं स्पष्ट सांगितलं होतं.

पावसाळ्यात निरोप आला की फाइलमधला माझा अपंगत्वाचा दाखला सापडत नाही. माझ्याकडे हरवेल म्हणून ठेवून घेतलेली माझी तिसरी प्रत मावशींनी पत्र्याच्या पेटीतून शांतपणे काढून दिली. मग पहिल्यांदाच आपलं सांगितलं. त्यांचे यजमान याच जागेवर बसून घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचेही पाय चालत नव्हते. हातानं चालवायच्या तीनचाकीसाठी त्यांनी अर्ज केला, दाखला कचेरीत हरवला आणि प्रत काढलेली नव्हती. दुसरा दाखला हाती येईपर्यंत ते गेले. मावशींनी घड्याळांचं सामान विकून झेरॉक्सचं मशीन घेतलं. मी नुसता प्रतीवरची धूळ पुसत राहिलो.

दोन्ही मंजुऱ्या आल्या त्या नेमक्या पितृपक्षात, आणि पंधरा दिवसांत गाडी घ्यायची अट. आई हटून बसली, पितरांच्या दिवसांत चमचासुद्धा विकत आणायचा नाही. मावशी घरी आल्या, चहा प्यायल्या आणि आपल्या यजमानांविषयी आईला म्हणाल्या, "याईले वर जाऊन किती वर्सं झाले वं बाई. गाडी पाह्यली तं खुशच होतीन." आईनं डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या दिवशी नारळ आणला.

मी दिवाळीच्या आधीपासूनच एकटा शाळेत जाऊ लागलो. दादा महिनाभर उगीच फाटकापर्यंत सोडायला यायचा.

गेल्या वर्षी गुडघे बोलू लागले म्हणून मावशी टपरी बंद करून अमरावतीला लेकीकडे राहायला निघाल्या. त्यांना बसस्टँडवर मीच सोडणार असं मी आधीच बजावलं होतं. माझ्या शेजारी एका माणसापुरती सीट आहे, तिच्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, कचेरीसमोरून एक चक्कर मार. मी मारली. दुसरी मारायला लावली. तिसरीला फाटकावरचा शिपाई आमच्याकडे रोखून पाहू लागला, आणि बसची वेळही होत आली होती. आता ही कशाला, असं मी विचारलं.

"एक तुही झाली, एक माही झाली," मावशी बाहेर पाहत म्हणाल्या. "हे याईची."

मी गाडी हळू केली.