रस्टीची मिशी

आमच्या पोर्ट डॅरोने जगाला दोनच गोष्टी दिल्या. एक शिसं आणि दुसरा रस्टी ट्रेवान. दोन्हींनी माणसाचं डोकं फिरतं. शिशाची भट्टी अजून धूर ओकतेय, रस्टी कधीच मेला, तरी गावाच्या तोंडी नाव त्याचंच. चार गाणी गाजली, कातडी विजार घालून पाय फाकवून उभा राहायचा, आणि वर ती तांबडीलाल मिशी, थेट हनुवटीपर्यंत उतरलेली. झालं, देव बनला! बोलिंग क्लबात ती मिशी काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलीय. हसू नका. इस्पितळाच्या मदतीसाठी त्याने क्लबाच्या स्टेजवर भरगर्दीत मिशी उतरवली होती, तीच ही. उतरवली म्हणजे मीच उतरवली. मी ग्लेनिस, इथली न्हावीण. या गावातलं एकूण एक डोकं माझ्या हाताखालून गेलंय. आत काय आहे तेही मला ठाऊक आहे. फारसं काही नाही.

तर ही गोष्ट नोलीनची. टायरच्या दुकानात काम करते. बुटकी, रुंद खांद्यांची, चालते ती बदकासारखी. लग्नाकार्यात फ्रॉक घातला की कुणीतरी तिला शिक्षा केलीय असं वाटतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की हिची जीभ टाळ्याला चिकटते. पण दर वर्षी रस्टीच्या पुण्यतिथीच्या रविवारी हीच बाई छातीला पट्टा आवळते, कातडी विजार चढवते, मिशी चिकटवते आणि क्लबाच्या स्टेजवर रस्टी होऊन गाते. शहरात अशांना ड्रॅग किंग म्हणतात. आमच्याकडे नोलीन म्हणतात. वरच्या सुरात आवाज फाटतो मेलीचा, पण फाटायचा तर रस्टीचाही. त्या एका दुपारी ती खांदे पाडून चालत नाही. बाकीचं वर्ष ती त्या दुपारची वाट बघण्यात काढते, हे मी जवळून बघितलंय.

मिशीसाठी ती आदल्या गुरुवारी माझ्या दुकानात येते, मुरांब्याची रिकामी बरणी घेऊन. खुर्चीखालचे केस झाडून गोळा करायचे, धुवायचे, मेंदीत तांबडे करायचे, बारीक कातरायचे आणि स्पिरिट गमने, म्हणजे नाटकवाल्यांच्या डिंकाने, ओठावर थर देत बसायचं. म्हणजे जे बाप्ये बारमध्ये तिला ‘मिशीवाल्या मावशी’ म्हणून हाका मारतात, त्यांचेच केस हिच्या ओठावर. त्यांना कुठलं कळायला!

यंदा क्लबाचा अध्यक्ष झाला बेव्हन. भट्टीवरचा जुना मुकादम. डोक्यावर टक्कल, कानांमागे चार पांढरे केस, आणि तेवढ्यासाठी हा माझ्या खुर्चीत येऊन बसतो. रोज क्लबात शिरला की आधी त्या काचेच्या पेटीपुढे बियरचा ग्लास उंचावतो, मग बसतो. बायकोकडे इतक्या प्रेमाने कधी बघितलं नसेल.

त्या गुरुवारी त्याचे केस कापून झाले होते, दाढीला फेस लावून तो खुर्चीत होता आणि नोलीन बरणी घेऊन आत आली.

“ठेव गं ती बरणी,” बेव्हन आरशातूनच म्हणाला. “यंदा नको. ॲडलेडहून माणूस बोलावलाय. खराखुरा.”

“खराखुरा म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे पुरुष! रस्टी पुरुष होता, ग्लेनिस. त्याचं सोंग बाईने घ्यायचं? बाहेरगावचे लोक आम्हाला हसतात. इतकी वर्षं खपवून घेतलं, पुष्कळ झालं. नोलीन, तुला नाराज करायचं नाही हं. तू मटणाच्या सोडतीची तिकिटं विक की! तिथे तुझ्यासारखं माणूस हवंच.”

नोलीनने बरणीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग हळूच म्हणाली, “बरोबर आहे तुझं. मी काय, खोटीच.”

असा संताप आला मला! त्याचा आला, तिचा त्याहून जास्त आला. हातात वस्तरा होता, बेव्हनची मान समोर होती, देवाची कृपा म्हणायची.

“बेव्हन,” मी म्हटलं, “लहानपणी तुझे केस कसे होते रे?”

“तांबडे. गावात माझ्याएवढे तांबडे कुणाचेच नव्हते. आगीचा बंब म्हणायचे मला. पण त्याचं इथे काय?”

“आणि रस्टीचे?”

“रस्टीचे… मिशी तांबडी होती की!”

“डोकं विचारतेय मी. उंदरासारखं मळकट होतं. आणि ओठावर काय उगवायचं माहितीये? काही नाही. बाळाच्या ढुंगणासारखा गुळगुळीत. पहिल्या कार्यक्रमाआधी इथेच येऊन रडला होता, ‘ग्लेनिस, मी पोरीसारखा दिसतो’ म्हणून. तेव्हा तुझी आई तुला दर महिन्याला माझ्याकडे आणायची. खाली पडायचे ते सगळे केस मी डब्यात ठेवायचे.”

बेव्हन आरशात बघत राहिला. चेहऱ्यावर साबणाचा फेस, त्यात दोन डोळे.

“खोटं बोलतेस.”

“उतरवली त्या दिवशी एवढा फेस का लावला होता मी? डिंक दिसू नये म्हणून. आणि लगेच तोंडावर टॉवेल टाकून आत पळवला त्याला, उघडा ओठ कुणी बघितलाच नाही. तो जिवंत असेपर्यंत कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं होतं. आता तो नाही. तू रोज ग्लास उंचावून ज्याला सलाम ठोकतोस ना, ते तुझेच केस आहेत, मेल्या. आता सांग, त्या ॲडलेडवाल्याला नको म्हणून कळवतोस, की मी हे बारमध्ये सांगू?”

नोलीन मटकन बाकावर बसली होती. मला वाटलं हसेल. कसली हसते! लालबुंद झाली.

“मी एवढी वर्षं त्याच्यासारखं खरं दिसायला मरतेय,” ती म्हणाली, “आणि तोही चिकटवत होता?”

“तुझ्यापेक्षा वाईट चिकटवायचा. एक बाजू कायम वर. आता रडू नकोस, झाडू घे. बेव्हनचे पडलेत तेही भर.”

तिने भरले. एक केस सोडला नाही.

रविवारी ॲडलेडवाल्याची तब्येत बिघडली, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. बिचाऱ्याला स्वतःला तरी माहीत होतं का कोण जाणे. नोलीन स्टेजवर आली. हॉल गच्च भरलेला, पंखे नुसतेच फिरत होते. पहिली दोन गाणी दणक्यात झाली. तिसऱ्यात घाम फुटला आणि मिशीची डावी बाजू सुटून लोंबायला लागली. आधी एकदा असं झालं होतं, तेव्हा ओठावर हात धरून पळाली होती आणि आठवडाभर कामावर गेली नव्हती. आता पुढच्या टेबलावरून हसण्याच्या उकळ्या फुटल्या. कुणीतरी ओरडलं, “मावशी, मिशी सांभाळा!”

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पळाली नव्हती. बँड वाजत होता आणि ही बया गात गात पायऱ्या उतरत होती. थेट बेव्हनच्या टेबलाशी आली, एका झटक्यात मिशी उपटली आणि त्याच्या ओठावर दाबून बसवली.

“घे रे,” ती म्हणाली. “तुझं तुला.”

हॉल हसून हसून लोळला. त्यांना ती गंमत वाटली. बेव्हन पांढराफटक पडला, पण मिशीला हात लावायची हिंमत झाली नाही त्याची. घरी जाईपर्यंत तशीच लावून बसला.

नोलीन परत वर गेली. पाय फाकवून उभी राहिली, आणि उघड्या, गुळगुळीत ओठाने शेवटचं गाणं म्हणायला लागली. लोक टेबलं बडवत होते. माझे हात मात्र तसेच राहिले. बिनमिशीचा रस्टी त्या हॉलमध्ये फक्त मी पाहिला होता. हुबेहूब तोच होता, मेला.