कळीला पाणी दाखवू नये

भट्टीतून निघालेला दगड पहिल्यांदा उचलला तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. दगड दिसायला तसाच, तेच कंगोरे, पण हलका, आतलं काहीतरी निघून गेलेलं.

"घाबरलास व्हय?" मुकादम हसले. "आगीत त्यातला वायू जातो. मागं ऱ्हाती ती कळी. लई तहानलेली असती. तिला पाणी दाखवायचं न्हाय."

कळी म्हणजे कळीचा चुना. आमच्याकडे कोकणात शिंपले भाजून चुना करायचे, पण पानाला लावण्यापुरता. इथे सोलापूरच्या बाहेर कर्नाटकातून चुनखडीचे ट्रक यायचे. दगड भाजायचा, गोण्या भरायच्या, की माल चालला साखर कारखान्यांकडे, उसाचा रस निवळायला. आठवीत शाळा सुटलेल्या मला घरापासून इतक्या लांब याच भट्टीने पोटाला लावलं. म्हणून तिथला नियम मी देवाच्या शब्दासारखा पाळायचो. आणि नियम खरं तर एकच होता. गोदामात पाण्याची बाटली न्यायची नाही, घाम पुसून आत शिरायचं, हात धुतले तर कोरडे करायचे. कळीला पाणी दाखवायचं नाही.

फाटकावर राखण करणाऱ्या मामांचा डावा डोळा मात्र मला छळायचा. तो नुसता पांढरा होता, त्यात काळं काहीच नाही. मी मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूने जायचो, तरी तो डोळाच माझ्या पाठीमागे फिरतोय असं वाटायचं. त्याचं काय झालं हे विचारायची छाती कधी झाली नाही. त्यांची बायको भट्टीवर पाणी भरायची, चहा करायची. मी तिला मावशी म्हणायचो.

"मामाची बायको मावशी कशी रं, कोकण्या?" मुकादम चिडवायचे. "तुमच्यात नाती बी उलटी?"

गाळपाचा हंगाम तोंडावर आला होता. गोदाम पत्र्यापर्यंत भरलेलं आणि परतीच्या पावसाची हवा अंगाला चिकटणारी. भर दुपारी सगळे जेवायला बसले आणि मी झाडू ठेवायला आत गेलो. आत कुणी नव्हतं.

टक्.

मी थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. कुणीतरी आत बसून दातांनी दोरा तोडावा तसं. एका गोणीची शिवण एकेक टाका सोडत होती. गोणी फुगली होती. मी तिच्यावर तळवा ठेवला, तर ती तापलेल्या माणसाच्या पोटासारखी ऊन होती. दमट हवा कुठल्यातरी भोकातून आत गेली होती आणि कळी गुपचूप ती पीत बसली होती. मी वाकून कान लावला. आतून उसासा आल्यासारखं झालं.

मग शिवण फाटली.

अंधार झाला असता तर समजलं असतं. झालं ते पांढरं. डोळ्यांत निखारे भरले होते आणि तरी सगळीकडे पांढरंच. मी ओरडत बाहेर आलो, कशावर तरी आपटून पडलो. माणसं धावली.

"तेल आणा, तेल!" मुकादमांचा आवाज. "पाणी नको! डोळ्यात उकळंल!"

आणि मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो, पाणी नको, पाणी नको.

कुणीतरी माझे केस धरले आणि मला फरफटत टाकीकडे नेलं. बांगड्या वाजल्या तेव्हा कळलं, मावशी.

"अगं बाई, डोळं शिजतील त्याचं!" मुकादम ओरडले.

"शिजू द्या! माझ्या मालकाच्या डोळ्यात मीच तेल घातलं, तुमचंच ऐकून. ह्या पोराच्या न्हाय घालणार. सरा मागं!"

मी लाथा झाडल्या. ती माझ्या छातीवर बसली, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि पाइपाची धार सोडली. आता उकळेल, आता उकळेल, म्हणून मी वाट बघत होतो. धार गारच होती. ती गारच राहिली. रिक्षातसुद्धा ती मांडीवर बादली घेऊन तांब्याने माझ्या डोळ्यांवर पाणी सोडत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे आणखी कितीतरी वेळ धुतले. "पाणी दाखवायचं नाही म्हणता," ते म्हणाले, "डोळा ओलाच असतो की. चुना तेच पीत होता. भरपूर पाणी त्याला धुऊन नेतं." दिसेल का, विचारल्यावर म्हणाले, बघू.

मामांच्या शुक्रवार पेठेतल्या खोलीत मावशीने मला ठेवून घेतलं. डोळ्यांवर पट्ट्या. खोलीला नुकताच चुना दिलेला, त्याचा वास यायचा. भट्टीवर कुणीतरी सांगितलेलं मला आठवत राहायचं, की भिंतीवरचा चुना आगीत गेलेला वायू हवेतून हळूहळू परत ओढतो आणि पुन्हा दगड होतो. भिंतीला पाठ लागली की मी दचकून सरकायचो. पट्टीखाली माझेही डोळे तसेच गपचूप दगड होत असतील. शेजारी मामांचा श्वास ऐकू यायचा. ते जागे आहेत का, कुठल्या डोळ्याने बघताहेत, काही कळायचं नाही.

"मावशी, आहेस का तू?"

"हितंच हाय. कुटं जाती मी?"

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी मावशीबरोबर मामाही आले होते. आधी नुसता उजेड दिसला, मग डॉक्टरांची बोटं. ते म्हणाले, डाग राहील, नजर वाचली. बाहेर बाकावर मावशी पदर तोंडाला लावून बसली. मामांनी मात्र माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"डॉक्टरचं ऱ्हाऊ दे. माझा डोळा बघ. कसा दिसतोय?"

मी पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"पांढरा."

"पांढरा म्हंजे कसा? नीट सांग की."

"साफ पांढरा नाही, मामा. मधे थोडा निळसर आहे. आणि कडेला एक लाल शीर आहे, बारीक."

मामा मावशीकडे वळले. "बघ गं, शीर बी दिसली त्याला," ते म्हणाले, आणि त्या डोळ्यातून पाणी आलं.