महबूब घाटात दुसऱ्याची फियाट

विलासनं जुनी फियाट विकत घेतली तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की हिच्यात बसून मी कोपऱ्यावरून भाजी आणायलाही येणार नाही. आणि या जानेवारीत मी तिच्यातच बसून नागपूरहून थेट आंध्रातल्या निर्मलपर्यंत जाऊन आले. नवऱ्याच्या नादापुढे बायकोचा शब्द किती टिकतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

नाद म्हणजे काय, तर गाडी इटलीची, जोडणी मुंबईची आणि डोकेदुखी आमची. नागपूर, यवतमाळ, आदिलाबाद या भागात अशा डोकेदुख्या पाळणारी बरीच माणसं आहेत. दर हिवाळ्यात ती आपापल्या फियाट घेऊन एकत्र जमतात, एखादा घाट चढतात किंवा उतरतात, खातात-पितात आणि परत जातात. आम्ही या गटात नवे, त्यामुळे आमचं हे पहिलंच संमेलन. यंदा पाच गाड्या होत्या आणि यजमान होते आदिलाबादचे वानखेडे गुरुजी.

नागपूरहून सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला आदिलाबादला पोचता येतं. आम्हाला चार वाजले, कारण हिंगणघाटच्या पुढे रस्ता रुंद करायचं काम चालू आहे आणि कुठल्या बाजूनं जायचं हे समोरून येणारा ट्रकच ठरवतो. पांढरकवड्याला चहा घ्या, त्यानंतर बरं काही मिळत नाही. पैनगंगेचा पूल ओलांडला की मोबाईल टुणटुण करून रोमिंग लागल्याचं सांगतो आणि दुकानांवरच्या पाट्या तेलुगू होतात. माणसं मात्र मराठीच बोलतात. आदिलाबादच्या वेशीवर कापसाच्या गाड्यांची लांबच लांब रांग होती. त्या रांगेतल्या एकानं आमच्याकडे पाहून विचारलं, "काय भाऊ, वरात हाय का?" विलासला ते फार आवडलं. मला नाही.

गुरुजी दारातच उभे होते. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा शर्ट, खिशाला पेन. तामसीच्या शाळेत मुख्याध्यापक होते, आता आदिलाबादला मुलाजवळ राहतात. आल्या आल्या जयभीम केला, पाण्याचा तांब्या दिला आणि आम्ही बसायच्या आत गाडी दाखवायला घेऊन गेले. दुधी रंगाची, आमच्या सगळ्यांच्या गाड्यांपेक्षा जुनी, आणि काचेसारखी पुसलेली.

"तामसीले होतो तवा दहावीच्या पोरी हिच्यातच परीक्षेले आणत होतो," ते म्हणाले. "बस चुकली की साल गेलं पोरीचं. एका वेळी सात-सात बसत. हिनं एकीचाही पेपर चुकू नाही देला."

त्यांच्या सुनेनं ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा केला होता. मी तीन भाकरी खाल्ल्या. गुरुजी मला तेव्हा अतिशय आवडले होते, हे मुद्दाम लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादहून निर्मल, म्हणजे ऐंशी-एक किलोमीटर. इचोड्याला जेवण उरकून घ्या. तिथले ढाबे ट्रकवाल्यांचे आहेत, त्यामुळे डाळ ताजी आणि रोटी गरम मिळते, दोघांचं पोटभर जेवण शंभराच्या आत होतं. पाच फियाट एका ओळीत लागलेल्या पाहून सगळा ढाबाच बाहेर आला. एका सरदारजी ड्रायव्हरनं मला विचारलं, "मॅडम, ये चलती है या चलानी पडती है?" मी म्हटलं, "भाईसाब, इसे मनाना पडता है." त्यानं खूश होऊन आमच्या टेबलावर लस्सी पाठवली.

आता या गटाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. प्रत्येक संमेलनात एक टप्पा असा असतो, की त्यात कुणीही स्वतःची गाडी चालवायची नाही. सगळ्यांच्या किल्ल्या एका ताटात टाकायच्या, वर रुमाल झाकायचा आणि हात घालून हाताला लागेल ती उचलायची. आपलीच आली तर परत टाकायची. किल्ली देताना मालकानं आपल्या गाडीच्या खोडी सांगायच्या. बायकापोरं आणि सामान आपापल्या गाडीतच राहतं, हलतो तो फक्त चालवणारा. यजमानाची गाडी सगळ्यांत पुढे.

हे ताट कुठे फिरावं? तर महबूब घाट सुरू होण्याआधीच्या चहाच्या टपरीवर. "सपाट रस्त्यावर कोणतीही गाडी चांगलीच वाटते, घाटातच कळते," असं यवतमाळचे एक गृहस्थ मला समजावत होते. शहाण्या माणसानं घाटाआधी गाडी तपासली असती. यांनी बदलली.

विलासच्या हाताला गुरुजींची किल्ली लागली आणि गुरुजींच्या हाताला आमची. विलास नुसता फुलून गेला. सगळ्यांत जुनी गाडी, तीही सगळ्यांत पुढे!

गुरुजींनी मन लावून खोडी सांगितल्या. "चोक अर्धाच ओढा. दुसरा गिअर घाईनं टाकू नका, ते रुसते. हॉर्न कधी कधी अटकते, मंग खालून एक बुक्की हाना. बाकी गाडी गाय हाय."

"आमची अगदी सरळ आहे," विलास म्हणाला. "काही खोड नाही."

तो निघाला. आमची गाडी दुसरी होती, पण गुरुजींना ती चटकन सुरू करता आली नाही आणि तेवढ्यात सागवानाच्या ओंडक्यांनी लादलेला एक ट्रक मध्ये शिरला. बाकीच्या तीन गाड्या आमच्या मागे. घाट सुंदर आहे. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, जानेवारीत पानं वाळून तांबूस झालेली, वळणावळणावर माकडं. मी गुरुजींना निर्मलच्या लाकडी खेळण्यांबद्दल विचारत होते. ते सांगत होते, की ते लाकूड इतकं हलकं असतं की नारळ म्हणून रंगवलेला तुकडा उचलताना हात वर उडतो.

मी खालमानेनं पर्समध्ये गॉगल शोधत होते, म्हणून माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. वळण आलं. त्यांनी ब्रेक अर्धा दाबला, सोडला, मग पुन्हा पूर्ण दाबला. गाडीला आचका बसला. पुढचं वळण आलं. पुन्हा तसंच.

"गुरुजी, तुम्ही दोन-दोनदा ब्रेक काऊन मारून राह्यले?" मी सहज विचारलं.

"दोनदा? नाही तं."

"आत्ता मारला की."

त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पुढच्या वळणावर पाय आपोआप पुन्हा दोनदा गेला. हा माणूस आपल्याच पायाकडे परक्यासारखा बघत होता. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई," ते म्हणाले, "माह्या गाडीत पहिला दाब खालीच जाते. दुसऱ्या दाबाले ब्रेक लागते."

मला आधी कळलंच नाही. कळलं ते पुढच्या वळणावर.

"तुम्ही विलासला सांगितलं नाही?"

"नाही सांगतलं."

"काऊन नाही सांगतलं?" मी किंचाळले.

"ध्यानातच नाही आलं. किती सालापासून तसंच हाय... आता मले ते खोड वाटतच नाही, बाई."

मी मोबाईल काढला. रेंज नव्हती. समोर सागवानाचा ट्रक रस्ता अडवून डुलत चालला होता, आणि त्याच्या पुढे कुठेतरी माझा नवरा, उतारावर, जिच्या ब्रेकचा पहिला दाब खाली जातो अशा गाडीत. चहाच्या टपरीपासून घाटापर्यंतचा रस्ता मोकळा आणि सरळ होता. ब्रेकची गरज पहिल्यांदा इथेच पडणार होती.

गुरुजींनी लाईट लावले, हॉर्नवर हात ठेवला आणि ट्रकच्या उजवीकडे गाडी घातली. समोरचं काही दिसत नव्हतं. मी देवाचं नाव घेत नव्हते, मी गुरुजींना बोलत होते. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. हॉर्नची खोड सांगितली, चोकची सांगितली, आणि जिवावरची तेवढी विसरलात? गाडी रोज पुसता, मग ब्रेक काय शोभेला ठेवलेत? आणि ही एका हातानं गाडी चालवायची कुठली तऱ्हा? समोरून एस.टी. आली, आंध्राची लाल-पिवळी बस, तेव्हा ट्रकवाल्यानं ट्रक डावीकडे दाबला म्हणून आम्ही वाचलो. आम्ही पुढे निघालो.

पुढे एक वळण रिकामं. आणखी एक वळण रिकामं. दरीच्या बाजूचा कठडा एका ठिकाणी फुटलेला होता. मी डोळे मिटले. गुरुजी म्हणाले, "जुना हाय तो, बाई. पावसाळ्यापासून तसाच हाय." मी डोळे उघडले नाहीत.

मग गाडी थांबली. रस्तारुंदीसाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात दुधी फियाट नाक खुपसून उभी होती आणि विलास तिच्या बाजूला जमिनीवर बसला होता. बसलेला, पडलेला नाही. एवढाच फरक मला दिसला.

त्याचं कपाळ थोडं खरचटलं होतं. ब्रेक खालपर्यंत गेला तसा त्यानं गिअर उतरवला, हातब्रेक ओढला आणि दरीऐवजी खडी निवडली. "दुसरा गिअर खरंच रुसतो गं," तो म्हणाला आणि हसायला लागला. मी त्याला पाण्याची बाटली दिली. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच रडले.

गुरुजींनी गाडीकडे पाहिलंही नाही. वाकलेला बंपर, फुटलेला दिवा, काही नाही. ते विलाससमोर उकिडवे बसले आणि त्याचे दोन्ही हात धरून राहिले. मागच्या गाड्या येऊन थांबल्या. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "शाळेत पोरींना हेच शिकवलं का हो तुम्ही?" विलास म्हणाला, "पुरे आता." मी थांबले नाही. शेवटी गुरुजी म्हणाले, "बरोबर बोलून राह्यल्या तुमी."

खाली त्यांची गाडी त्यांनीच उतरवली, पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगानं. बाकीचे चौघे रांगेत मागे. निर्मलला आम्ही खेळणी बनवणाऱ्यांची गल्ली पाहिली. जरूर पाहा. मी लाकडाचं एक सीताफळ घेतलं, खऱ्यापेक्षा खरं दिसणारं. पण त्या दिवसाबद्दल माझ्या मनात खेळणी फारशी उरली नाहीत. जेवताना गुरुजी आमच्या टेबलावर आले नाहीत. ताट फिरवायची रीत बंद करावी का, यावर वाद झाला. कुणी म्हणालं बंद करा, कुणी म्हणालं माणसाच्या चुकीला रीत काय करणार. मी म्हटलं, ज्याला स्वतःच्या गाडीची खोड माहीत नाही त्याची किल्ली ताटात नको. हे त्यांना ऐकू जावं अशाच आवाजात म्हटलं. परतीला आदिलाबादला त्यांच्या घरी थांबायचं ठरलं होतं, आम्ही थांबलो नाही. एका दमात नागपूर गाठलं. जाऊन-येऊन पेट्रोल अडीच हजारांच्या आत बसतं, आणि मुक्कामाला निर्मलमध्ये बसस्टँडजवळ स्वच्छ लॉज आहेत, हेही जाता जाता सांगते.

इथे हा लेख संपणार होता. तो लिहून झाला होता, आणि त्याचा शेवट बराच तिखट होता. पण काल संध्याकाळी गुरुजींचा फोन आला.

ब्रेकचं काम पूर्ण झालं, असं त्यांनी सांगितलं. विलासभाऊंची तब्येत विचारली. किल्ली आता ताटात टाकणार नाही, असंही म्हणाले. मी "बरं" म्हटलं. मला फोन ठेवायचा होता, पण ते घुटमळत होते.

"बाई, एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा."

"तुमच्या गाडीचं डायवरकडचं दार डाव्या वळणाले सुटते. घाटात दोन-तीनदा सुटलं. मी कोपरानं दाबून धरलं. कुलूप घासलं असन, तेवढं पाहून घ्या."

मला आठवलं. तो ट्रक, ती एस.टी., आणि गुरुजींचा उजवा हात खिडकीवर. एका हातानं गाडी चालवतात म्हणून मी त्यांना आणखी चार शब्द सुनावले होते.

"तेव्हा काऊन नाही बोलले?"

"तवा तुमाले विलासभाऊ दिसाले पायजे होते, बाई. दाराचं काय घेऊन बसता."

विलासला सांगितलं तर तो म्हणाला, "दार? दाराला काय झालंय?" मी त्याला खाली नेलं आणि गाडीत बसवलं. बसल्याबरोबर त्याचा उजवा कोपर खिडकीवर जाऊन टेकला, दीड वर्ष टेकतोय तसाच. "वारा लागतो म्हणून ठेवतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "हात खाली घे." त्यानं घेतला. मी बाहेरून दार दोन बोटांनी जरासं ओढलं, कडीला हातही न लावता, आणि ते सताड उघडलं.

मग मी तिथूनच गुरुजींना फोन लावला. माफी मागायची होती. त्यांनी उचलला, आणि मी काही म्हणायच्या आत तेच पलीकडून म्हणाले, "हालो, बाई? सापडलं का?"