दारूबंदीवालीचं लिव्हर

माझ्या लिव्हरवर चरबी आहे, हे मला धड समजण्याआधी गावाला समजलं. सोनोग्राफीचा रिपोर्ट झेरॉक्सच्या दुकानात दिला अन् दुकानदाराने तो वाचला. संध्याकाळपर्यंत चौकात एकच गोष्ट, "दारूबंदीवाली बाईच पेऊन राह्यली!"

तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण कागदावर. अल्लीपूरजवळच्या आमच्या गावात ती खरी करायला आम्ही बारा बायांनी मोहाच्या दारूचे ड्रम फोडले, नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता त्यातल्या दोघी बैठकीला येईनात. "लोकं हासतात, ताई," म्हणाल्या. एका कागदापायी सगळं केलेलं मातीत जाणार होतं.

दवाखान्यात गेले. "डॉक्टरीणबाई, मी दारूच्या थेंबाले शिवली नाई. भाजीतलं तेलही बंद केलं. मंग मलेच काऊन?"

पोरगेलीच होती ती. रिपोर्टच्या मागे चित्र काढून सांगू लागली. लिव्हरच्या पेशीत प्रथिनाचा एक लांब धागा तयार होतो. तो तयार होता होताच त्याच्यावर चरबी चढवली जाते, वरून पातळ कवच बसतं, अन् तो बारीक गोळा रक्तात सोडला जातो. चरबी रक्तात सुटी विरघळत नाही, म्हणून एवढी बांधाबांध. "पण सगळी चरबी तेलातूनच येते असं नाही, काकू. साखर जास्त झाली की लिव्हर तिचीच चरबी बनवतं. गोळे भरभरून पाठवतं, तरी उरते ती तिथंच साचते." मग विचारलं, "चहा किती घेता?"

मी बोटांवर कप मोजू लागले. आमच्याकडे रीतच आहे. ज्याने दारू सोडली, त्याने आम्हा बायांना घरी बोलवायचं अन् स्वतःच्या हाताने चहा करून पाजायचा. तीच त्याची शपथ. साखर अशी ओततात की पाकच. नाही म्हटलं तर माणसाला वाटतं, बाईचा माझ्यावर भरवसा नाही. त्यात सोडलेल्यांच्या घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं, एकेका दिवशी सहा-सात घरं. घ्या! गावाची दारू सोडवता सोडवता मीच माझं लिव्हर भरून घेतलं होतं.

ग्रामसभेत रिपोर्ट उंच धरला. "हो, हाय माह्या लिव्हरवर चरबी! दारूची नाई, तुमच्या गोड चहाची हाय. ज्याले शंका असंन त्यानं माह्यासंगं दवाखान्यात चालावं, अन् आपलंही लिव्हर दाखवावं. बोला, कोण येते?"

एक माणूस उठेल तर शपथ. झेरॉक्सवाला चप्पल शोधू लागला. बाया खदाखदा हसल्या, अन् बैठक सोडलेल्या त्या दोघी माझ्या बाजूला येऊन बसल्या.

दोनेक महिन्यांनी झेरॉक्सवाल्याच्या बायकोचा निरोप आला. नवरा दारू सोडतो म्हणतो, चहाला या.

आम्ही बाया गेलो. त्याने कप पुढे केला. मी घोट घेतला. साखरेचा कणही नव्हता.

"रिपोर्ट मीच वाचला होता ना, ताई," तो खाली मान घालून म्हणाला.

मी कप रिकामा करून ठेवला. "उद्या पुन्हा येतो," म्हटलं. "अन् असाच करजो."