चाकाच्या पोटातलं माप

मी एकदा रोह्याच्या भंगारवाल्याकडून ट्रकची दोन चाकं पसंत करून आणली, आणि ज्या मापाबद्दल कुणालाच शंका नव्हती नेमकं तेवढंच माप पुन्हा पुन्हा घेतलं. माझ्या मूर्खपणांत निवड करायला भरपूर वाव आहे, पण हा माझा लाडका.

नव्वदीची सुरुवात असेल. सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, एक जुना पेट्रोलचा छोटा ट्रक होता. पुढे लांब नाक, डोळे वटारल्यासारखे दिवे. पेणजवळच्या मिठागरांतलं मीठ त्यांनी उभा जन्म त्यातून वाहिलं आणि त्या मिठाने ट्रकचे ब्रेक खाल्ले. ड्रमला आतून गंज चढलेला, त्यात खाडीच्या बांधावर पाणी शिरलं की गाडी थांबायची ती स्वतःच्या मर्जीने, तीही डावीकडे झुकत. एकदा अशीच झुकत गेली आणि पेंढ्याच्या उडवीत नाक खुपसून उभी राहिली. आबा खाली उतरले, अंगावरचा पेंढा झटकला आणि म्हणाले, "थांबली ना? मग झालं."

माझ्या नवऱ्याचं मात्र झालं नाही. तो रोह्याच्या कंपनीत शिफ्टला असायचा, वरसे गावी आत्याबाईंकडे राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्याने सांगून टाकलं, "दिवाळीच्या आत ब्रेक नीट झाले नाहीत तर गाडी भंगारात." आबा ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घासही त्यांनी घेतला नाही.

पेणच्या मिस्त्रीने पुढच्या दोन चाकांसाठी एका नव्या जीपचे डिस्क ब्रेक मिळवले. हे काय प्रकरण आहे ते पाहायला मी भाजी चुलीवरून उतरवून गॅरेजात जाऊन बसले. ड्रम म्हणजे झाकण लावलेला डबा, पाणी आत गेलं की गेलं. डिस्क म्हणजे उघडी ताटली. पाय दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनी पकडतो. पाणी उडालं तरी फिरता फिरता झटकलं जातं. मला हे भारीच आवडलं. पण त्या चिमट्याला वर चांगलं कुबड होतं. जुनं चाक चढवलं, बोल्ट बरोबर बसले, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चाक काही फिरेना. रिमचं पोट कुबडाला घासत होतं. म्हणजे दुसरी रिम हवी.

"मी आणते!" मी म्हणाले. शिवणाचा क्लास केलेला, पर्समध्ये कायम टेप. असल्या बाईला जगात काय अवघड?

रोह्याच्या भंगारात मी उकिडवी बसून बोल्टच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत टेप लावत होते. भंगारवाला म्हणाला, "ताई, चाकाला ब्लाउज शिवताय काय?" मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकला. चंदेरी रंगाच्या दोन रिमा निवडल्या आणि एसटीच्या टपावर चढवायला लावल्या. कंडक्टरने विचारलं, "बाई, ह्यांचं हाफ काढू का फुल?"

गॅरेजात चाक बसवलं. बोल्ट असे बसले की मी आबांकडे वळून पाहिलं, कौतुकाच्या अपेक्षेने. मिस्त्रीने चाक फिरवलं. खर्रर्र. त्याच जागी.

"वहिनी," मिस्त्री म्हणाला, "भोकं तर जुन्या चाकाचीपन जुळत होती की!"

बांगडी भरताना कासार मनगट बघत नाही, अंगठ्याखालचं हाड दाबून बघतो. हे लहानपणापासून ठाऊक असलेल्या बाईने चाकाचं मनगट मापून आणलं होतं.

पण मला तेव्हा गप्प बसणं कुणी शिकवलंच नव्हतं. म्हटलं, "मग उलटं बसवा ना, पोट बाहेरच्या बाजूला!"

"नट तिरक्या खोबणीत बसतो, ती एकाच बाजूला असते. उलटं बसवलं तर नट ढिले होऊन वरशाला चाक आधी पोचंल, आपन मागनं."

आबा बाकावर बसून ऐकत होते. हसले नाहीत. दिवाळी जवळ आली होती आणि नव्या चिमट्यावर चाक काही चढत नव्हतं.

खरी पंचाईत अशी की चाक चढलं की आत काय घासतंय ते दिसतच नाही. मी वाकून, झोपून, आरसा धरून पाहिलं. शेजारी गणपतीचा कारखाना होता, हंगाम संपून थंडावलेला. तिथून ओल्या शाडूचा गोळा मागून आणला, पोळीच्या कणकेसारखा मळला आणि कॅलिपरच्या कुबडावर जाड थापला. चाक चढवून फिरवलं, काढलं. माती सोलून निघाली होती, आतलं लोखंड चकाकत होतं. मिस्त्रीने डोकं खाजवलं आणि गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या एका गाडीची मोठी, सोळा इंची रिम काढून चढवली. या वेळी माती बोटभर जाड शिल्लक राहिली, म्हणजे मधे तेवढी जागा मोकळी होती. आम्ही दोघं त्या मातीकडे वाढदिवसाचा केक पाहावा तसे पाहत राहिलो.

मग मला चटकच लागली. मडगार्डच्या आतल्या कडेलाही माती लावली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, हौद्यात मिठाची पोती भरली, कारण रिकामी गाडी आणि भरलेली गाडी वेगळी बसते. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तुमीपन चढा, वजन कमी पडतंय." मी चढले. मडगार्डच्या मातीवर टायरची नक्षी उमटली. म्हणून थोडा अरुंद टायर ठरवला. पुन्हा माती लावली, पुन्हा मी चढले. कोरी राहिली. तसल्याच रिमा मिस्त्रीने शोधून आणल्या. माझ्या चंदेरी रिमांत मी पुढे झेंडू लावले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आबांनी गाडी काढली. मी शेजारी. वरसे आलं, आत्याबाईंच्या दारात नवरा हाताची घडी घालून उभा. आबांनी ब्रेक दाबला. गाडी सुतासारखी सरळ गेली, पण थांबली ती तीन झटके देऊन, आणि प्रत्येक झटक्याला माझं कपाळ काचेजवळ. जन्मभर ड्रमचा ब्रेक त्यांनी पायाने पंप मारून मारूनच धरला होता.

नवऱ्याने खाली वाकून चाकं पाहिली, टायरला हात लावला. "ठेवा," एवढंच म्हणाला आणि चहाला आत गेला.

आबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी उतरायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"ब्रेक बेस हाय गो. ह्याला एकदाच पाय लागतो, आनि माजा पाय काय आयकायचा नाय आता. गाडी ऱ्हायली ना, मंग येताना तू बस हिकडं, मी सांगतो तसं चालव."