पिवळं फडकं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. दुआ मागतानाही नाही — अल्लाला माहीतच आहे, असं म्हणून शब्द गिळत राहिले. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढं लिहिता येतं.

जेद्दात आम्ही दोघी एका बंगल्यात काम करायचो — जैनबआपा आणि मी. ती महाडकडची, मी रत्नागिरीची. मला कुणासमोर बोलता यायचं नाही, म्हणून माझ्या वाटचंही मॅडमशी तीच बोलायची.

साहेबांना जुनी चित्रं जमवायचा नाद. सगळ्यात लाडकं चित्र दिवाणखान्यात होतं, त्यांच्या पणजोबांच्या काळात फ्रान्सच्या कुणा चित्रकाराने रंगीत खडूंनी काढलेलं. एक म्हातारा हातात कागद धरून बसलेला. तोही म्हणे चित्रंच जमवायचा. आपा त्याला सासरा म्हणायची. "त्याच्याकडे पाठ करून झाडू नकोस गो, रागवंल."

त्याची काच पुसायचं काम आपाचं. तिचं फडकं पिवळं, माझं निळं, दोघींच्या खुंट्या वेगळ्या.

त्या दिवशी आपाला ताप होता. पडल्या पडल्या म्हणाली, "आज माझ्या जागी तू जा. पण काच तडकली म्हणून काढलीय. फक्त चौकट पुस. त्याच्या गालाला हात लावू नकोस, नवरा नाही तुझा तो." मी हसले. म्हणजे मी ऐकलं होतं — हे आधीच लिहून ठेवते.

मग हात का लावला? गालावर मळकट डाग दिसला. गावी ईदच्या आधी आजोबांचा फोटो ओल्या फडक्याने मीच पुसायचे. भिंतीवरचा माणूस म्हणजे काचेमागचा माणूस, हाताला तेवढंच ठाऊक. एकदाच फिरवलं. गाल गेला. डोळा खाली ओघळला. फडकं गुलाबी झालं.

एवढंच असतं तर लिहायला बसले असते का?

फडकं आपाचं होतं, तिचं काम म्हणून तेच घेऊन गेले होते. नळ समोर होता. न धुता मी ते तिच्या खुंटीवर अडकवलं. घाबरून विसरले, असं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. डाग दिसेल अशी बाजू पुढे केली होती — मी, याच हातांनी!

मॅडमने फडकं आपासमोर धरलं. आपा म्हणाली, "मला बरं नव्हतं, हिला पाठवलं होतं." मॅडमने मला विचारलं, "तू गई थी?"

मी मान हलवली. नाही.

सगळ्यांना खरं वाटलं. जी कधी बोलतच नाही, ती खोटं कशाला बोलेल? आपा माझ्याकडे बघत राहिली. मॅडम म्हणाल्या, "खलास." आठवड्याभरात आपाला गावी धाडलं. बारा वर्षं मक्केच्या इतक्या जवळ राहून त्या वर्षी ती पहिल्यांदा हजला जायची होती. हजला घालायचे इहरामचे पांढरे कपडे शिवून ठेवले होते तिने. तेही पेटीत घालून घेऊन गेली.

पुढे मी हजला गेले. निघण्याआधी सगळ्यांना फोन करून बोलल्याचालल्याची माफी मागायची असते. आपालाही फोन केला. म्हटलं, "आपा, माफ कर."

"कशाची गो?" ती म्हणाली. आणि गप्प झाली. वाट बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, तरी वाट बघत होती.

मी म्हटलं, "रिवाज आहे ना, म्हणून."

"बरं," ती म्हणाली. "केलं माफ. माझ्यासाठी तिथं दुआ कर."

आता लोक मला हज्जन म्हणतात. आपा महाडलाच असते. नंबर तोच आहे. त्यानंतर मी तो लावलेला नाही.