उपकरणाकडून उत्तर नाही

प्लोव्दिवजवळच्या कॅनिंग कारखान्यात प्रोग्राम लिहिणारी स्तोयांका चेर्नेवा तोंडाची फटकळ होती आणि तिला त्याची लाज नव्हती. ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहायची, त्या भाषेच्या पोटातच प्रत्येक बिघाडासाठी एक वाक्य तयार असायचं. बिघाडाचा क्रमांक दिला की भाषा ते वाक्य आणि खाली मदतीची ओळ काढून देई. स्तोयांकाने सगळी वाक्यं बल्गेरियनमध्ये बसवली आणि बरण्या तापवणाऱ्या वाफेच्या टाकीशेजारच्या पडद्यावर दिसतील अशी सोय केली. टाकी सांभाळणारी पेना चाळिशी सावरत ती वाचायची.

संचालक वेल्कोवला हे खपत नव्हतं. फलकावर उत्पादन नेहमी शंभर टक्क्यांवर असायचं, आणि आधीच्या प्रोग्रामरने काहीही बिघडलं तरी ‘सर्व ठीक’ दाखवायची शिस्त लावली होती.

"एवढीशी ओळ बदल. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या बापाचं काही नाही, कॉम्रेड. नीट न तापलेली कच्ची बरणी ज्याच्या ताटात जाईल, त्याचा जीव जाईल."

ओळ तशीच राहिली. सप्टेंबरात राजधानीतून समिती आली. पाहुणे टाकीपाशी उभे असतानाच तापमापकाची तार सुटली आणि पडद्यावर आलं, ‘उपकरणाकडून उत्तर नाही. जोडणी तपासा.’ वेल्कोव पडद्याला पाठ लावून उभा राहिला.

"बरण्यांचा पट्टा चालू ठेवा!"

"पेनामावशी," स्तोयांका मोठ्यानं म्हणाली, "टाकी किती तापलीय ते यंत्राला कळत नाहीये. थांबव!"

पेनानं पट्टा थांबवला. टाकीतल्या मिरच्यांच्या सगळ्या बरण्या बाजूला काढाव्या लागल्या. वेल्कोव स्तोयांकाकडे वळला.

"उद्यापासून तू मिरच्या सोलायला!"

"सोलेन की. पण खोटं लिहिणार नाही."

मिरच्यांनी बोटं सोलवटून निघाली तरी तिनं माफी मागितली नाही. मला ती बाई त्यासाठीच आवडते.

तिच्या जागी आलेल्या माणसाला वेल्कोवनं पहिल्याच दिवशी ती ओळ काढायला सांगितलं. तो पडद्याजवळ आला, तेव्हा पेनानं त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली.

"काढ की, बाबा. फक्त एवढं लिहून दे, की ज्या दिवशी तार सुटेल, त्या दिवशीची पहिली बरणी तुझ्या घरी जाईल."

त्यानं कागदाला हात लावला नाही, आणि त्या ओळीलाही नाही.